ट्रकच्या एसीची कूलिंग कॉइल घरी साफ करताना

लासलगावचा कांदा वाहणाऱ्या तुमच्या ट्रकमध्ये ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवला तरी जाळीतून हवा जेमतेम येते, एसी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे कुबट वास येतो, आणि मेकॅनिकने डॅशबोर्ड उतरवून, गॅस सोडून हवा गार करणारी कॉइल बाहेर काढावी लागेल असे सांगितले आहे. हे काम घरी करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. गॅसच्या लाइनला हात न लावता ते करता येते, आणि माझ्या मते आधी तेच करून पाहावे.

पहिल्यांदा दोष नेमका कॉइलच्या घाणीचा आहे ना, हे पाहून घ्या. हवा जोरात येते पण गार नसते, तेव्हा गॅस, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) किंवा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) यांच्याकडे बघायला हवे. सुरुवातीला हवा चांगली येऊन अर्ध्या-पाऊण तासाने ती बंद पडत असेल आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा येत असेल, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे, ज्याचे कारण घाण, कमी गॅस किंवा बिघडलेला थर्मोस्टॅट (थंडावा नियंत्रित करणारा भाग) यांपैकी काहीही असू शकते. मात्र पहिल्या मिनिटापासून हवा कमी आणि सोबत कुबट वास, हे लक्षण घाणीचेच आहे. बाजार समितीच्या आवारात कांद्याचा पापुद्रा सतत उडत असतो. तो ब्लोअरने ओढला जातो, ओल्या कॉइलवर चिकटतो, त्यावर धूळ बसते, आणि काही महिन्यांत गोधडीच्या अस्तरासारखा जाड थर तयार होतो. बऱ्याच ट्रकमध्ये केबिन फिल्टर नसतो, त्यामुळे हा कचरा अडवायला वाटेत काहीच नसते.

लाइन उघडू नका असे मी आग्रहाने सांगतो, त्यामागे कारणे आहेत. आत बहुधा आर-१३४ए हा थंडावा देणारा वायू दाबाखाली असतो आणि मोकळ्या हवेत तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे नट सैल करताना तो हातावर किंवा डोळ्यांवर आला तर कातडी गोठून इजा होते. हवेत सोडलेला हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या १,००० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो, हेही विसरू नये. शिवाय उघड्या लाइनमधले कॉम्प्रेसरचे तेल हवेतला ओलावा शोषते, आणि मग पंपाने लाइन निर्वात करणे, ओलावा टिपणारा नवा ड्रायर, नवा गॅस असा खर्च वाढत जातो. घाण कॉइलच्या बाहेरच्या अंगावर आहे; ती काढण्यासाठी आतली बंद यंत्रणा मोडण्याची गरज नाही.

ट्रक सपाट जागी उभा करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डाव्या बाजूला, सहसा हातकप्प्याच्या (ग्लोव्ह बॉक्सच्या) मागे किंवा खाली, ब्लोअरची गोल मोटर तीन-चार स्क्रूंवर बसवलेली असते. ती उतरवा आणि शेजारचा, ब्लोअरचा वेग ठरवणारा रेझिस्टरही काढा, कारण त्याच्या फटीतून कॉइल अनेकदा अधिक जवळ दिसते. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडून पाहिलात तर अंदाजाने काम करावे लागणार नाही. कॉइलमध्ये खोचलेली तापमान मोजणाऱ्या सेन्सरची बारीक तार दिसली तर ती ओढू नका, तिची जागा बदलली की बर्फ धरण्याचा दोष नव्याने सुरू होतो.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच काम बिघडते. कचरा हवा शिरते त्याच बाजूला साचलेला असतो आणि आपणही त्याच बाजूने फवारणार असतो, त्यामुळे कोरडा थर न काढता पाणी मारले तर पापुद्रा आणि चिखल कॉइलच्या पातळ पत्र्यांच्या (फिन्सच्या) फटींत खोल दाबला जातो. म्हणून आधी मऊ ब्रशने, पत्र्या ज्या दिशेने उभ्या आहेत त्याच दिशेने, अगदी हलके झाडा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. बोटाच्या नुसत्या दाबानेही वाकतील इतक्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्या असतात. आडवा ब्रश फिरला की त्या मिटतात आणि हवेची वाट कायमची अडते. या एका पायरीला तास गेला तरी जाऊ द्या.

त्यानंतर ॲल्युमिनियमला चालणारे, तीव्र आम्ल किंवा अल्कली नसलेले कॉइल क्लीनर हातपंपाच्या फवाऱ्याने मारा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा आणि साध्या पाण्याच्या बारीक फवाऱ्याने दोन-तीनदा धुवा. आधी वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने झाका. प्रेशर वॉशर अजिबात वापरू नका. कॉस्टिक सोडा, संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीचिंग हेही नको. माझ्या एका गाडीची कॉइल एका कारागिराने सोड्याच्या पाण्याने लखलखीत करून दिली होती, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडून सगळा गॅस गेला. फेसाचा स्प्रे वापरलात तर त्यातला वायू बहुधा ज्वलनशील असतो, म्हणून दारे उघडी ठेवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत बॅटरी जोडू नका.

धुतलेले पाणी ड्रेन पाइपमधून केबिनखाली पडायला हवे. ते पडत नसेल तर फवारणे लगेच थांबवा, कारण तुंबलेले पाणी पायाशी केबिनमध्ये उतरते. पाइपच्या खालच्या टोकातून मऊ प्लास्टिकची नळी हळूच सरकवली की अडकलेला चिखल सुटतो. तार घालू नका. पहिले पाणी काळे आणि कांद्याच्या सालीच्या तुकड्यांसकट येईल, ते स्वच्छ होईपर्यंत धूत राहा.

धुताना कॉइलच्या एखाद्या कोपऱ्यात तेलकट, चिकट डाग दिसला तर तिथून गॅस गळत असण्याची दाट शक्यता आहे. तो डाग पुसू नका, फोटो काढून मेकॅनिकला दाखवा. त्या वेळी मात्र डॅशबोर्ड उतरवावाच लागेल आणि त्याचा सल्ला बरोबर ठरेल.

सगळे जोडल्यावर एसीचे बटण बंद ठेवून अर्धा तास नुसता ब्लोअर चालवा. पुढेही मुक्कामाला पोहोचण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवलात तर कॉइल कोरडी राहते आणि वासाला कारणीभूत होणारी बुरशी धरत नाही. बाजार समितीत गाडी भरताना बाहेरची हवा घेणारी झडप बंद ठेवा. एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे ३.५ टनांवरच्या, नव्या मालवाहू गाड्यांना २०२५ मध्ये केबिनचा एसी सक्तीचा झाला आहे, त्यामुळे पहिल्यांदाच एसी हाताळणाऱ्या आपल्या चालकालाही या दोन सवयी सांगून ठेवा. कांद्याची वाहतूक असेल तर हंगामाच्या शेवटी एकदा ब्लोअर उतरवून कोरडी झाडलोट करावी. मी तेवढेच करतो आणि मला पाण्याने धुण्याची वेळ दोन वर्षांतून एकदाच येते.