‘मी रजा घेतली तर वर्गाचं काय?’

पावसाळ्यात तापाची साथ आली की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या शिक्षिकांच्या तोंडी हाच प्रश्न असतो. शिक्षकही तोच विचारतात, फक्त थोडे उशिरा, बहुधा बीपीची गोळी सुरू झाल्यावर. म्हणून एक उदाहरण सविस्तर लिहिते. ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.

या मॅडम अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतात. टायफॉइड झाला, डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली आणि सहाव्या दिवशी त्या शाळेत हजर! तिसऱ्या तासाला फळ्यापाशीच खाली बसल्या. त्यानंतर झोप उडाली. पुन्हा आजारी पडलो तर, ही धास्ती मनात घर करून बसली.

सुरुवातीला त्या मुलांबद्दलच बोलत राहिल्या. राहिलेला पोर्शन, सराव परीक्षा, पालकांचे फोन. सगळं खरं होतं, तरी एवढ्यासाठी कोणी अंगात ताप घेऊन फळ्यापुढे उभं राहील असं मला वाटेना.

‘तुम्ही नव्हतात तेव्हा दहावीवर कोण होतं?’
‘भूगोलाचे सर. त्यांचा ऑफ तास होता.’
‘मुलांचं काय अडलं?’
‘तसं काही नाही. सरावसंच सोडवला त्यांनी.’
‘मग सहाव्या दिवशी कोणासाठी गेलात?’

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ऑफिसच्या टेबलावर बदली तासांची वही असते. वर माझं नाव, खाली ज्यांना तास लागलाय त्यांच्या सह्या. ताई, घरी अंथरुणात मला ती वही दिसायची.’

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेली ही पद्धत सांगते, की घटना आपल्याला जेवढी छळते त्याहून जास्त छळते तिच्यामागची आपली हट्टी समजूत. इथे समजूत होती : माझ्यामुळे कोणालाही, कधीही त्रास होता कामा नये. ती खोडून काढायची घाई मी केली नाही.

‘इतरांच्या रजेत तुम्ही बदली तास घेतलेत?’
‘पुष्कळ.’
‘त्यांचा राग आला?’
‘एका बाईंचा यायचा. शाळा भरायच्या वेळेला मेसेज टाकायच्या आणि वर्गात काय घ्यायचं तेही सांगायच्या नाहीत.’
‘म्हणजे राग कशाचा होता?’
‘रजेचा नव्हता,’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘कळवण्याच्या पद्धतीचा होता.’

हे वाक्य मी ऐकवलं असतं तर घरी पोचेपर्यंत विरून गेलं असतं. त्यांचं त्यांना सापडलं म्हणून टिकलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं अपराधीपणाकडून कामाकडे वळलं. आजारी पडणं त्यांच्या हातात नव्हतं, वेळेवर कळवणं होतं. वर्गावर कोणाला पाठवायचं हे ठरवणं मुख्याध्यापकांचं काम.

कळवायचं ते आदल्या रात्री, किंवा शाळा भरण्याच्या किमान तासभर आधी. आधी मुख्याध्यापकांना किंवा पर्यवेक्षकांना फोन, मग लेखी मेसेज. त्यात तीनच गोष्टी : किती दिवस, कोणते तास, काम कुठे ठेवलंय. ‘सॉरी, खूप त्रास होतोय, उलट्या...’ हे लिहायची गरज नाही. लांबलचक खुलासा वाचणाऱ्यालाच संशय येतो. शाळेत निघालेल्या मैत्रिणीच्या हाती निरोप कधीच देऊ नये. ती परिपाठात अडकते आणि पहिला तास मोकळा जातो.

मॅडमनी वर्गाच्या कपाटात एक फाइल तयार ठेवली. वेळापत्रक, बैठक व्यवस्था, कोणाला दमा किंवा फिटचा त्रास आहे त्याची नोंद, आणि प्रत्येक वर्गासाठी एका तासात संपणारी तीन कामं. कामं शिकवून झालेल्या भागावरचीच हवीत. इथेच बहुतेक जण चुकतात. उत्साहाने नवा धडा नेमून देतात, बदली शिक्षकाला तो विषय येत नाही, मुलं गोंधळ घालतात आणि परतल्यावर तोच धडा पुन्हा घ्यावा लागतो.

कागदांचंही सांगते, कारण निम्मी भीती तिथे असते. शिक्षकांना दिवाळी आणि उन्हाळ्याची दीर्घ सुटी असल्याने अर्जित रजा फारशी साठत नाही. मोठ्या आजारपणात आधार असतो तो वर्षाला 20 दिवस मिळणाऱ्या अर्धपगारी रजेचा. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगार मिळतो, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात : 10 दिवस घेतले की 20 गेले. किरकोळ रजा (सीएल) या रजेला जोडता येत नाही. ‘दोन दिवस सीएल टाकते, पुढचं पुढे बघू’ म्हणणाऱ्यांची अडचण होते ती यामुळे. आजार लांबेल असं डॉक्टर म्हणाले, की अर्ज पहिल्या दिवसापासूनच वैद्यकीय रजेचा करावा.

मुख्याध्यापक माझ्याकडे आले, तर त्यांना मी त्या वहीबद्दल विचारते. वर गैरहजर व्यक्तीचं नाव ठळक लिहायचं कारण काय? वर्ग, तास आणि कोण जाणार, एवढं पुरे. पाळी फिरती ठेवावी आणि एकाचा दिवसात एकच ऑफ तास घ्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे कामाचे 45 घड्याळी तास धरलेत ते तयारीच्या वेळेसह. ऑफ तासाला रिकामा वेळ समजणाऱ्या शाळेतच रजेवरून धुसफूस जास्त दिसते. द्विशिक्षकी शाळेत तर ऑफ तासच नसतो. तिथे एक जण आजारी पडला की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात, म्हणून त्याच सकाळी केंद्रप्रमुखांना कळवून शेजारच्या शाळेतून शिक्षक मागावा. ‘बघू, उद्या येतीलच’ म्हणत थांबू नये.

पुढे मॅडमना व्हायरल ताप आला. या वेळी त्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत घरी राहिल्या आणि तंदुरुस्तीचा दाखला घेऊनच रुजू झाल्या. पहिल्या दिवशी भूगोलाच्या सरांकडून झालेल्या कामाची वही घेतली, ‘आभारी आहे’ म्हणाल्या आणि तिसऱ्या तासाला दहावीवर गेल्या. महिनाअखेर ऑफिसात जाऊन सेवापुस्तकातली रजेची नोंदही स्वतः पाहून आल्या.