लिस्बनमध्ये एकट्यानं फिरायला एकच दिवस असेल तर काय बघावं?

एकच दिवस असेल तर तुमची यादी निम्मी करा. मीही एकटीच गेले होते. मी वसईची. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला बघतच लहानाची मोठी झाले, त्यामुळे त्या लोकांचं गाव कसं असेल याची फार उत्सुकता होती.

सकाळी लवकर १५ नंबरच्या ट्रामनं नदीकाठच्या बेलें या भागात जा. तिथला जेरोनिमुश मठ बांधायला पैसा आला तो मुख्यतः मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून, म्हणजे त्यात आपल्याकडच्या मिरीचाही वाटा आहे. खांबांवर दगडात पिळाचे दोरखंड कोरलेत, ते हात लावून बघावेसे वाटतात. चर्चमध्ये शिरलं की डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आणि उजव्या हाताला कामोंइश या कवीची. गामा वारला कोचीत, १५२४ साली, आणि त्याच्या अस्थी नंतर इकडे आणल्या. शाळेत आम्ही '१४९८, कालिकत' एवढंच पाठ केलेलं. त्या कबरीपुढे मी बराच वेळ उभी राहिले. मनात रागही होता, कुतूहलही होतं. सोबत कुणी असतं तर 'चल ना आता' म्हणालं असतं. एकट्यानं फिरण्यातलं मला हेच सगळ्यात आवडतं.

बाहेर पडल्यावर जवळच १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात पाश्टेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा छोटा टार्ट खा, वर दालचिनी भुरभुरवून. अंडं चालत नसेल तर मात्र तो तुमच्यासाठी नाही. बेलेंचा बुरूज बाहेरूनच बघा, त्याच्या रांगेत वेळ घालवू नका.

दुपारी कार्मो, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चचे अवशेष. माझ्या मते लिस्बनमधली सगळ्यात न चुकवण्यासारखी जागा हीच. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ आगी लागल्या, नदीतून समुद्राच्या लाटा आत आल्या. कार्मोचं छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. आज कमानी तेवढ्या उभ्या आहेत आणि वर उघडं आकाश. मला तर वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चच आठवली, घशात आवंढा आला. खाली बायशाचे, म्हणजे शहराच्या सखल मध्यभागाचे, सरळ रस्ते दिसतात, ते भूकंपानंतर नव्यानं आखलेले.

संध्याकाळ अल्फामा या जुन्या वस्तीसाठी ठेवा. नकाशा बंद करून गल्ल्यांमधून वर चढत राहा. सांता लुझियाच्या सज्जावर निळ्या फरशांचं चित्र आहे, त्यात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक दिसतो. कार्मो बघून आल्यावर ते चित्र फार वेगळं वाटतं. २८ नंबरची ट्राम सुंदर आहे, पण गर्दीत खिसेकापू असतात, बॅग पुढे धरा.

मठ सोमवारी बंद असतो आणि कार्मो रविवारी, त्यामुळे वार बघून जा. बूट चांगल्या पकडीचे घाला. फुटपाथवरचे पांढरे दगड पाऊस पडला की गुळगुळीत होतात, मी दोनदा घसरले. शाकाहारी असाल तर काल्दू व्हेर्द हे पालेभाजीचं सूप मागताना सॉसेज नको म्हणून आधीच सांगा. भाषेची भीती बाळगू नका. बेकरीत मी बोटानं दाखवून नुसतं 'पाव' म्हटलं, आणि बाईंनी हसून पाव बांधून दिला. बटाट्यालाही ते बटाटाच म्हणतात.