आजोबा शिकारीला जायचे, आपण का नाही?

आजोबा हरणाच्या शिकारीला जायचे, वडील एखाददुसऱ्यांदा गेले आणि मुंबईत वाढलेली आपली पिढी कधीच नाही, असं का, हा तुमचा प्रश्न. आवड आटली हे अर्धंच उत्तर. खरं काम कायद्याने केलं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही प्राण्यांसाठी परवान्याची फट कागदोपत्री उरली होती. ती 1991च्या दुरुस्तीने बुजवली.

त्याआधी गावाकडे हाका निघायचा. हाकारे डबे बडवत रान उठवणार, बारा बोअरची बंदूक घेतलेला शिकारी जनावराच्या वाटेवर दबा धरून बसणार, सांबर पडलं की मांसाचे वाटे. मुंबईचे पाहुणे बहुतेक वाट्यापुरतेच कामाचे! पण पोरं हे सगळं बघत बघत शिकायची. ते बघणंच बंद झालं, मग बंदुकीचा परवाना काढायच्या भानगडीत कोण पडतो? आज चितळ, सांबर, भेकर बघायला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहेच. तिथे शिकार केली तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद.

आणि हो, जुन्या घरात भिंतीवर फळीला ठोकलेली सांबराची शिंगं असतील, ज्यांवर आता छत्र्या लटकतात, तर त्यांचं मालकी प्रमाणपत्र शोधा. वारसाने आलेली असतील तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं. विकता मात्र येत नाहीत, तेव्हा ऑनलाइन जाहिरात टाकायचा मोह नको.