कन्फेशनला न जाता रोज दैवी दयेची माळ केली, तर गंभीर पापाची क्षमा मिळते का?

तुम्ही लिहिलंय की एक गंभीर पाप मनात आहे, कन्फेशनला, म्हणजे फादरसमोर पापनिवेदन करायला, जायचा धीर होत नाही, पण दुपारी तीनची दैवी दयेची माळ (मण्यांवर जपायची येशूच्या दयेची प्रार्थना) कधी चुकत नाही, तर तेवढ्यावर भागेल का. नाही भागणार. फादरकडे जा, आणि जाईपर्यंत माळ सोडू नका. एवढंच लिहून थांबले असते, पण तुमच्या प्रश्नात पुढे 'काही जण म्हणतात, ही माळ म्हणजे पापातून सुटायचा शॉर्टकट आहे' असंही आहे. ते वाक्य मला लागलं, कारण आमच्या घरात ते माझ्या पप्पांना उद्देशून बोललं गेलंय आणि अजून बोललं जातं.

पप्पा तरुणपणी एकदा कन्फेशनला गेले होते. आतले फादर त्यांच्यावर ओरडले, आणि असे ओरडले की बाहेर रांगेत बसलेल्यांना ऐकू गेलं. पप्पा उठले, बाहेर आले आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या कन्फेशनच्या बॉक्सकडे फिरकले नाहीत. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मात्र कधी चुकवली नाही. शेवटच्या बाकावर कडेला बसायचे. कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची, वेळ झाली की आम्ही सगळे उठायचो आणि पप्पा, गंभीर पाप कबूल केल्याशिवाय ती घेता येत नाही म्हणून, गुडघे एका बाजूला वळवून आम्हाला जायला वाट करून द्यायचे. लहानपणी मला वाटायचं, वडील लोक असंच करतात. माझ्या फर्स्ट कम्युनियनच्या दिवशीही ते तसेच गुडघे वळवून बसले होते, आणि परत येताना मी पाहिलं तर त्यांनी रुमाल तोंडावर धरला होता.

या सगळ्या वर्षांत ते दैवी दयेची माळ करत. कामावर असले तरी तीन वाजता दोन मिनिटं बाजूला जायचे. पाकिटात त्या चित्राचा छोटा कागद होता, हृदयातून पांढरे आणि लाल किरण निघणारा येशू आणि खाली 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे'. माळेने त्यांना पापक्षमा मिळाली, असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाचं देवळातल्या माणसांवरून मन उडालं होतं, त्याला देवाशी बांधून ठेवलं ते या माळेनेच.

ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात बाहेरचे चार-पाच फादर पापनिवेदनासाठी आले. एक म्हातारे फादर बॉक्समध्ये न बसता वेदीच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. पप्पा रांगेत उभे राहिले, नंबर जवळ आला तसे बाहेर पडले, मागे जाऊन पुन्हा शेवटी उभे राहिले. आम्ही बघतोय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग ते बसले आणि बराच वेळ बसून राहिले. शेवटी फादरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मम्मीने माझा हात इतका घट्ट दाबला की दुखला.

आत काय बोलणं झालं ते फादर कधीच सांगू शकत नाहीत. पण पापनिवेदन करणाऱ्यावर ते बंधन नसतं, आणि पप्पांनी थोडं आपणहून सांगितलं. 'किती वर्षांनी आलात?' या प्रश्नाला त्यांना आकडा सांगता येईना, तर फादर म्हणाले, 'राहू द्या, आलात ना.' प्रायश्चित्त दोन प्रकारचं मिळालं. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचायचा, आणि भावाचे पैसे परत करायचे. आजीच्या आजारपणासाठी दोघा भावांनी मिळून जमवलेल्या पैशांतली काही रक्कम पप्पांनी लपवून ठेवली होती. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, मोठ्या काकांनाही नाही.

पप्पा काकांकडे गेले, कबूल केलं, पैसे दिले. काकांनी पैसे मोजून घेतले आणि म्हणाले, 'तुझ्या फादरने तुला दहा मिनिटांत सोडलं, मी सोडणार नाही.' तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, काकांचं वाक्य ठरलेलं: 'पाप करा, माळ जपा, मोकळे व्हा.' त्या पंधराव्या अध्यायात उधळ्या धाकट्या मुलाला बाप परत घरात घेतो, तेव्हा थोरला भाऊ रागावून बाहेर उभा राहतो, आणि तो शेवटी आत गेला की नाही हे अध्याय सांगत नाही. आमच्या काकांचंही अजून कळलेलं नाही.

काकांचा राग खरा आहे, पैसे त्यांचे होते. पण त्यांचं धर्मशास्त्र चुकीचं आहे आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. दहा मिनिटं कमी वाटत असतील, तर येशूशेजारी क्रुसावर असताना क्षमा मिळालेल्या चोराला किती लागली? दया स्वस्त असती तर पप्पा इतकी वर्षं त्या शेवटच्या बाकावर का बसले असते? शिवाय काका ज्याला सुटका म्हणतात त्याच कन्फेशनमुळे त्यांचे पैसे परत आले. क्षमा मिळाली तरी केलेलं नुकसान शक्य तितकं भरून द्यावंच लागतं, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. चोरलेलं परत करायचं, बदनामी केली असेल तर ती पुसायचा प्रयत्न करायचा. पापाचा दोष जातो, ऐहिक दंड, म्हणजे त्या पापापायी भोगायची शिक्षा, उरू शकतो. यात शॉर्टकट कुठे दिसतो, ते काकांनी दाखवावं.

माळेबद्दल बोलणाऱ्यांनी, ही माळ जिच्याकडून आली त्या संत फौस्टिनाचं चरित्र तरी नीट बघावं. पोलंडमधली ही साधी धर्मभगिनी, 22 फेब्रुवारी 1931 ला तिला पप्पांच्या पाकिटातल्या चित्रासारखं येशूचं दर्शन झालं, 1935 मध्ये माळेची प्रार्थना मिळाली, 1938 मध्ये वयाच्या 33 व्या वर्षी ती गेली. तिने रोजनिशी लिहिली ती तिचं पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांच्या सांगण्यावरून, आणि त्या रोजनिशीत जागोजागी लोकांना कन्फेशनकडेच पाठवलंय. रोमनेही डोळे मिटून काही स्वीकारलं नाही. 1959 मध्ये तिच्या सांगण्यानुसार चाललेल्या या भक्तीच्या प्रसारावर बंदी आली, ती 1978 मध्ये उठली. 30 एप्रिल 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिलं आणि पास्काचा (ईस्टरचा) दुसरा रविवार दैवी दयेचा म्हणून जाहीर केला. 2002 मध्ये त्या रविवारसाठी संपूर्ण दंडमाफी (वर सांगितलेल्या ऐहिक दंडाची माफी) देण्यात आली, तिच्या अटींतही कन्फेशन आणि कम्युनियन आहेच. म्हणजे दयेचा म्हणून जो खास दिवस आहे, तोही तुम्हाला फादरसमोर नेऊन बसवतो.

आता तुमच्या भीतीबद्दल. तुमचं पाप काय ते तुम्ही लिहिलं नाहीत, ते बरं केलंत, ते सांगायची ही जागा नाही. फादर कुणाला सांगतील असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. पापनिवेदनाचं गुपित थेट फोडणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. आपल्याच धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) फादरकडे जायची सक्ती नाही, अधिकार असलेल्या कुठल्याही फादरकडे जाता येतं आणि जाळीआड बसून बोलायचा तुम्हाला हक्क आहे. गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा, एवढं सांगायचं. नीट आठवत नसेल तर आठवतं तसं सांगा. आणि फादर ओरडलेच, तर दुसऱ्या फादरकडे जा. कन्फेशनची जागा छळाची कोठडी होऊ नये, असं पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये धर्मगुरूंनाच बजावलंय. पप्पांना हे त्या काळात कुणी सांगितलं असतं तर!

दोन-तीन गोष्टी वर राहून गेल्या. देवावरच्या निखळ प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप गंभीर पापाचीही क्षमा मिळवून देतो, पण शक्य होताच कन्फेशनला जायचा पक्का निश्चय त्यात असावा लागतो. तेव्हा 'मी मनातच पश्चात्ताप करतो' ही पळवाट होत नाही. गर्भपाताचं पाप असेल तर त्यासाठी बिशपांपर्यंत जावं लागेल ही जुनी भीती नको, 2016 पासून ती क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना आहे. तेच पाप पुन्हा होईल अशी धास्ती असली तरी जा. आत्ता ते सोडायचा खरा इरादा हवा, पुढच्या आयुष्याची हमी कुणी मागत नाही. मात्र क्षमा मिळून गेलेलं पापही पुन्हा पुन्हा उकरून रोज कन्फेशनला धावावंसं वाटत असेल, तर तो वेगळा त्रास आहे. अशा वेळी एकच फादर धरून ठेवा आणि ते सांगतील तेवढंच करा.

आणि तुमच्या पापात दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं असेल, तर त्या माणसाकडे जायची तयारी ठेवून जा. तो क्षमा करेलच असं नाही. आमचे काका अजून करत नाहीत, पण पप्पा दर रविवारी कम्युनियन घेतात.