व्हीलचेअरसह सिंगापूरला

प्रश्न : मी बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर वापरते. मुलासोबत सिंगापूरला जाण्याची तयारी कोठून सुरू करावी? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : तिकिटाआधी बॅटरीचा विचार करावा. आपल्या खुर्चीची लिथियम बॅटरी काढून ठेवण्याच्या प्रकारची असेल, तर ती विमान कंपनीच्या पूर्वसंमतीने केबिनमध्येच न्यावी लागते आणि एकच बॅटरी असल्यास तिची क्षमता ३०० वॉट-अवरपेक्षा अधिक चालत नाही. म्हणून बॅटरीवरील आकडे आणि खुर्चीचे वजन व मापे कंपनीला किमान ४८ तास आधी लेखी कळवावीत. तेथील एमआरटी (मेट्रो रेल्वे) स्थानकांत लिफ्ट असल्याने शहरात फिरणे, खरे सांगायचे तर, ठाणे स्थानकातील पूल ओलांडण्यापेक्षा सोपे जाईल. हॉटेलकडून मात्र न्हाणीघराच्या दाराची रुंदी छायाचित्रासह मागवावी. ‘सोय आहे’ एवढ्या उत्तरावर विसंबू नये.