आईची नागीण बरी झाली तरी आग थांबत नाही, कोल्हापुरात पेन स्पेशालिस्ट मिळेल का?

मिळेल, पण बोर्ड बघून शोधू नका. वेदनातज्ज्ञ बहुतेक वेळा मूळचे भूलतज्ज्ञ असतात; एमडीनंतर वेदना-उपचाराची वेगळी फेलोशिप (खास प्रशिक्षण) केलेले. त्यामुळे मोठ्या हॉस्पिटलच्या भूल विभागात विचारा. सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला सरकारी मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे, तिथूनही चौकशी सुरू करता येईल. खाजगीत गेलात तर फेलोशिप कुठली, एवढं जरूर विचारा.

तुमच्या आईंची नागीण सुकून पाच महिने झाले आणि बरगडीवर साडीचा पदरही सहन होत नाही, म्हणजे हे बहुधा नसेचं दुखणं आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं जुनाट धरतात. डायक्लोफिनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत, उलट उतारवयात किडनी आणि पोटाला त्रास देतात. मेडिकलमधून परस्पर आणून देत असाल तर कृपया थांबवा. नसेच्या दुखण्यावर गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात, ती कमी डोसपासून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झोप, चक्कर येते, म्हणून रात्री उठताना आईंना हात द्या. त्वचा बधिर करणारे लिडोकेनचे पॅच असतात, गरज पडली तर नर्व्ह ब्लॉकही (नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन) करतात.

आग पूर्ण जाईलच असं नाही. पण झोप लागणं, अंगाला कपडा सहन होणं, इतकं बऱ्याच जणांना मिळतं. जाताना चालू गोळ्यांची यादी आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या. यातल्या काही औषधांचा डोस किडनी पाहूनच ठरतो.