वाचक विचारतात: घरकुल मिळालं तरी कातकरी वीटभट्टीवर का जातात?

प्रश्न: ताई, आमचं कर्जतजवळ छोटंसं सेकंड होम आहे, बाजूलाच कातकरी आदिवासींची वाडी. दोन-तीन सरकारी घरकुलं तिथे अर्धवट पडलीयत, भिंती उभ्या पण वर छप्पर नाही, आणि दिवाळी झाली की अख्खी वाडी रिकामी. पावसाच्या तोंडावर परत येतात तेव्हा पोरं पार हडकलेली असतात. सरकार घर देतंय, रेशन देतंय, मग एका जागी राहून पोरांकडे बघत का नाहीत? रागावू नका, खरंच कळत नाही म्हणून विचारतेय.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: रागावत नाही. रायगडच्या वाड्यांवर आरोग्याच्या कामाला फिरायला लागले तेव्हा मलाही हाच प्रश्न पडायचा.

आधी एक करा, ती वाडी कुणाच्या जागेवर आहे ते विचारा. बऱ्याच कातकरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहेत. शेतावर कामाला माणसं हवीत म्हणून मालकाने कधीकाळी बसवलेली, पिढ्या गेल्या, पण कागद मालकाचाच राहिला. जमिनीला भाव नव्हता तोवर कुणी काही बोललं नाही, आता कर्जत-खालापुरात प्लॉटिंग आणि फार्महाऊस आले आणि वाडीला कंपाऊंड पडायला लागलं. तुम्हाला ऐकायला बरं वाटणार नाही, पण आपल्या सेकंड होमचा त्यात वाटा आहेच.

आता घरकुल. 15 नोव्हेंबर 2023 ला पीएम-जनमन योजना सुरू झाली, देशातल्या 75 अतिमागास आदिम जमातींसाठी. त्यात महाराष्ट्रातल्या तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे पैसे धरून एका घराला साधारण 2 लाख 39 हजार. चांगली योजना आहे, मी नावं ठेवत नाही. पण पैसे हप्त्याने येतात, जेवढं बांधाल तसा पुढचा हप्ता, म्हणजे कुणीतरी जागेवर थांबून काम करून घ्यायला हवं. आणि बांधकामाचे कोरडे महिने तेच वीटभट्टीचे महिने, तेव्हा घरातली सगळी माणसं भट्टीवर चिखल कालवत असतात.

मग भट्टी सोडून द्यावी ना? ती सुटत नाही कारण पैसे आधीच घेतलेले असतात. श्रावण-भादव्यात हाताला काम नसतं, घरात आजारपण किंवा लग्न निघतं, तेव्हा शेठ नाहीतर मुकादम येऊन उचल देऊन जातो. ती फेडायला सहा-सात महिने जोडीने राबायचं, आठवड्याला थोडी खर्ची मिळते त्यावर पोट भरायचं, आणि शेवटी हिशोबाला बसलं की अजून काही हजार अंगावर बाकी निघतातच, मग पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. 1976 च्या कायद्याने ही वेठबिगारी आहे, गुन्हा आहे. असं कुणी अडकलेलं दिसलं तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते, तोंडी सांगून काही होत नाही हा अनुभव आहे.

पोरं का हडकतात? एका भट्टीवर दीड वर्षाच्या मुलीच्या दंडाला टेप लावली, 11 सेंटीमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे लाल पट्टा, तीव्र कुपोषण. राहायला कच्च्या विटा रचून केलेली खोपी, वर प्लास्टिक, उभं राहिलं की डोकं लागेल एवढी. आईच्या हाताला कोपरापर्यंत चिखल, मुलीला घ्यायचं तर आधी हात धुवायला हवेत आणि पाणी टँकरचं. ती म्हणाली, "वाडीवर होती तेव्हा हिरव्यात होती ताई." खरंच होती, मी कार्ड बघितलं. मजुरी हजार विटांमागे, एक दिवस पोरीपाशी बसली तर नवऱ्याचंही काम अडतं. लक्ष देत नाही असं कुणी म्हटलं की मला ते हात आठवतात.

तुम्हाला काही करायचं असेल तर जुने कपडे नकोत, ढिगाने पडलेत. भट्टी जवळ असेल तर तिथल्या अंगणवाडीत जाऊन सांगा की बाहेरून आलेली पोरं आहेत, त्यांनाही आहार मिळायला हवा. रेशन आता कुठल्याही गावच्या दुकानात घेता येतं, अंगठा लागत नसेल तर सोबत जाऊन उभ्या राहा, बाई एकटी गेली की परत पाठवतात.

प्रश्न: रायगडच्या आदिवासी वाड्यांना पेसा लागू का नाही?
– विद्यार्थी, पनवेल

उत्तर: कारण पेसा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देणारा कायदा, फक्त राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्राला लागतो आणि रायगड त्यात नाही. त्यामुळे पालघरच्या जव्हार-मोखाड्यात वाडीच्या ग्रामसभेला जो अधिकार आहे तो इथे नाही. वनहक्क कायदा 2006 मात्र इथेही लागू आहे, पण तो वनजमिनीला. खाजगी जागेवरच्या वाडीला त्याचा उपयोग नाही, तिथे गावठाण मंजूर करून घेणं हाच रस्ता.

प्रश्न: वाडीतला एक मुलगा रात्री पोटात दुखतंय म्हणून उठला आणि सकाळपर्यंत गेला. साप कुणी बघितला नाही, दंशही दिसला नाही. काय असेल?
– शिक्षिका, महाड तालुका

उत्तर: वाचून फार वाईट वाटलं. न तपासता नक्की सांगता येणार नाही, पण पहिली शंका मण्यार सापाची. ती बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही, मग पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वास थांबतो. कुडाच्या भिंती, मातीची जमीन, उंदीर, आणि खाट नाही, म्हणून हे वाडीत जास्त होतं. खाट नसली तरी मच्छरदाणी लावून कडा गोधडीखाली नीट खोचा, निम्मं काम तिथेच होतं. विंचवाच्या बाबतीत प्राझोसिन या औषधाने जीव वाचतो हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी तुमच्या महाडमध्येच दाखवून दिलं, तसं मण्यारलाही प्रतिसर्पविष आणि वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. कापू नका, करकचून बांधू नका, 108 ला फोन करा, गाडी येत नसेल तर मिळेल त्या गाडीने निघा. आणि भगताशी, म्हणजे वाडीतल्या मांत्रिकाशी, वाद घालत बसू नका, त्यालाही गाडीत घ्या, माणसं त्याच्या शब्दावर लवकर निघतात.